झाकणाखालचा हुंकार

मित्रांनो, सुतारकामाच्या शेडमागे, परसातल्या भिंतीला टेकून जी गंजलेली भट्टी उभी आहे ना, ती मी. टाकाऊ लाकडाचा कोळसा करण्यात माझे सारे आयुष्य गेले. तुम्ही म्हणाल, ही कसली भट्टी, हे तर नुसते पिंप! तुमचे खरे आहे. जन्माने मी पिंपच. दोनशे लिटर तेल पोटात घेऊन मी कुठकुठे हिंडले. तेल संपले, तशी माझी किंमतही संपली. भंगारवाल्याच्या आवारात फुटक्या संडासाच्या भांड्याशेजारी मी कित्येक महिने पडून होते. तिथून मला आक्काने उचलले.

आक्का ही या घरातली थोरली मुलगी. तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती. लग्न तिने केले नव्हते. कुणी विचारलेच तर म्हणायची, "जिच्या केसांना बारा महिने धुराचा वास, तिला कोण नेतंय?" तिचा धाकटा भाऊ सुतारकाम करी. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. आणि तिसरी त्यांची आई. ठेंगणी, ताठ पाठीची, नजर अजून शाबूत असलेली बाई. वडील वर्षभरापूर्वी गेले होते.

आक्काने मला हातगाडीवर घालून वेल्डरकडे नेले.

"मला अशी भट्टी हवी, की तिच्यावर कुणाला चढायला लागू नये," ती म्हणाली.

वेल्डर हसला. "आक्का, पिंपावर कोण चढतंय? माकडं?"

आक्का हसली नाही. वेल्डरने डोळ्यांवरची काळी काच खाली ओढली, ठिणग्या उडू लागल्या, आणि त्या कडकडाटात ती बोलू लागली. त्याच्या कानावर काही पडले की नाही, मला ठाऊक नाही. मी मात्र सगळे ऐकले. माझे झाकण तेव्हा उघडेच होते.

तिचे वडील जुन्या पद्धतीने कोळसा करीत. लाकडांचा मोठा ढीग रचायचा, त्यावर पाला घालायचा, वरून मातीचा जाड थर द्यायचा आणि आत विस्तव सोडायचा. आठवडाभर ढीग आतल्या आत धुमसत राही. लाकूड आत खचले, की मातीला भेग पडे. भेगेतून वारा शिरला, तर कोळशाची राख व्हायला वेळ लागत नाही. म्हणून ढिगावर चढायचे आणि भेगा लिंपत फिरायचे. हे काम ते अनवाणी करीत. माती कुठे जाड आहे आणि कुठे पोकळ, हे त्यांच्या तळव्यांना कळे. तळवा जास्त पोळला की ते पाऊल मागे घेत. चाळीस वर्षे त्यांचे पाऊल चुकले नाही.

पण ते पोळलेले, भेगाळलेले तळवे आक्काला बघवेनात. तिने त्यांच्यासाठी जाड तळाचे बूट आणले. "माझ्या गळ्याची शपथ आहे, घालाच," म्हणून हट्ट धरला. लेकीचे मन मोडू नये म्हणून त्यांनी ते घातले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पायाखाली ढीग खचला.

आई त्या वेळी आपल्या बहिणीकडे गेली होती. ती परत आली तोवर सगळे आटोपले होते. तिला नवऱ्याचे तोंडही पाहायला मिळाले नाही. भावंडांनी तिला सांगितले, "बसल्या बसल्या धूर लागला आणि झोपेतच गुदमरून गेले. त्यांना काही कळलंसुद्धा नाही." आईचा जीव कमी तुटावा म्हणून केलेली ही थाप. बुटांची गोष्ट तर आक्काने भावालाही सांगितली नव्हती. ती फक्त तिला ठाऊक होती, आणि त्या दिवसापासून मला.

वेल्डर हुशार होता. त्याने माझ्या झाकणाला आवळून बसवायची कडी केली. पोटाच्या वरच्या बाजूला एक नळी जोडली आणि ती वळवून माझ्याच बुडाखाली नेली. मग मिस्त्रीने परसात माझ्याभोवती विटांचे कोंडाळे बांधले.

माझे काम कसे चाले, ते ऐका. आक्का पोटात वाळलेले लाकूड ठासून भरी, झाकण आवळी आणि कड ओल्या मातीने लिंपी. मग बुडाखाली काटक्याकुटक्यांचा जाळ करी. पहिला तासभर नळीतून पांढरी वाफ येई. ते लाकडातले पाणी. मग लाकडातला वायू सुटे आणि नळीवाटे बुडाखाली येऊन भस्सकन पेट घेई. त्यानंतर बाहेरून एक काटकीसुद्धा घालावी लागत नसे. लाकूड स्वतःच्याच श्वासावर भाजले जाई आणि धूरही बाहेर न पडता जळून जाई. वायू संपला की ज्योत आपोआप विझे. मग आक्का नळीचे तोंड मातीने बंद करी आणि मी दुसऱ्या दिवसापर्यंत निवत राही. दहा किलो लाकडामागे ढिगातून दीड किलो कोळसा निघे, तोही अर्धा कच्चा. माझ्यातून तीन किलो निघू लागला, आणि वाजवला तर काचेसारखा खणखणणारा.

शिवाय माझ्यासाठी एकही झाड पाडावे लागले नाही. मिस्त्रीच्या शेडमधले तुकडे, मोडक्या खुर्च्यांचे पाय, मालाच्या खोक्यांच्या फळ्या, बागांमधल्या छाटलेल्या फांद्या हे माझे खाणे. आक्का दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघे. टणटण वाजले तर वाळले, भदभद वाजले तर आठ दिवस उन्हात. रंग दिलेली फळी ती कधीच आत घालीत नसे. नखाने खरवडून, वास घेऊन बाजूला फेकी. म्हणायची, "हिच्या धुरात विष असतं." उरलेला चुरा पिठाच्या खळीत मळून त्याचे गोळे होत. वाया काही जात नसे.

कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला माझे पहिले गिऱ्हाईक. एकदा तो आक्काला म्हणाला, "दुकानातला कोळसा पाहुण्यासारखा. येतो थाटात आणि जातो लगेच. तुमचा कोळसा घरजावयासारखा आहे. बसला की हलतच नाही!"

"मग त्याला कामाला लाव," आक्का म्हणाली. त्या दिवशी ती पुष्कळ दिवसांनी हसली होती. मला माझा फार अभिमान वाटला.

पण मित्रांनो, माझ्यात एक खोड होती. वायू नळीतून धावू लागला, की माझ्या पोटातून एक आवाज निघे. खोल, दबका, लांबट. घशातल्या घशात कुणी हुंकार भरावा तसा. आईने तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती परसात भांडी घासत होती. तिच्या हातातले पातेले तसेच राहिले. ती उठली, कोंडाळ्यापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो?"

मी हुंकार दिला. माझ्या हाती थोडेच होते ते!

त्या दिवसापासून भट्टी लागली की आई स्टूल घेऊन माझ्याजवळ येऊन बसू लागली. "जेवलात का?" ती विचारी. "तुमच्या बहिणीचा गुडघा परत धरलाय म्हणे." "त्या समोरच्यानं भिंत आपल्या हद्दीत सरकवली, तुम्ही असता तर टाप होती का त्याची?" प्रत्येक वाक्यानंतर ती थांबे आणि मी हुंकार देई.

मिस्त्रीला आधी गंमत वाटली. "आई, बाबा आत मावतील कसे? त्यांना तर दाराची चौकट कमी पडायची."

"गप रे," आई म्हणाली. "अंग आखडून बसायची सवय आहे त्यांना."

आक्का मात्र पांढरीफटक पडे. आईला माझी वाफ, माझा जाळ, काही म्हणजे काही खटकत नसे. खटके ते शेवटचे लिंपणे. आक्काने मातीचा गोळा हातात घेतला की आई कावरीबावरी होई. "थोडी फट ठेव गं," म्हणे. "आई, फट ठेवली तर राख होईल." "इवलीशी." आक्का ऐकत नसे, ऐकून चालणारच नव्हते. मग आई कानांवर हात ठेवून घरात निघून जाई. तिला सांगितलेच होते ना, ते गुदमरून गेले म्हणून. दर खेपेस आपलीच लेक त्यांना पुन्हा कोंडते आहे, असे तिला वाटे.

"तुमच्या बाबांचं पाऊल कधी चुकायचं नाही," ती आक्काला सांगे. "पडले असते तर मी मानलं असतं, गेले. पण नुसतं झोपलेलं माणूस उठू शकतं."

आक्का लाकडे आपटून बघत राही. एकदा तिने तोंड उघडले होते. "आई, खरं सांगू का..." एवढे म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "लाकूड ओलं आहे आज." ते लाकूड ओले नव्हते, मित्रांनो. मी ते पोटात घेऊन बसले होते, मला ठाऊक आहे.

अशी पाच वर्षे गेली.

त्या दिवशी दुपारी माझी ज्योत नुकतीच विझली होती. आक्काने नळी लिंपली, हात धुतले आणि आदल्या खेपेच्या कोळशाची पोती घेऊन ती इस्त्रीवाल्याकडे गेली. शेडमध्ये मिस्त्रीचे रंधा मारायचे यंत्र किंचाळत होते. आई घरातून बाहेर आली. तिच्या हातात उलथने होते. तिने उलथन्याने झाकणाच्या कडेची माती खरवडली. ती भाजून ठिसूळ झाली होती. वेल्डरने केलेली कडी कशी सोडतात, हे तिने शंभर वेळा पाहिले होते.

"अहो," ती म्हणाली, "लवकर या. ती यायच्या आत."

माझ्या पोटात तेव्हा लालबुंद निखारा नव्हता. हवाच नव्हती, तर निखारा कुठून फुलणार? पण तापलेला कोळसा हवेची वाट बघत दबा धरून असतो. मला झाकण घट्ट धरून ठेवायचे होते. जीव तोडून ओरडायचे होते. पण निवणाऱ्या भट्टीला आवाज नसतो. पाच वर्षे मी नको तेव्हा बोलले, आणि त्या दिवशी गप्प राहिले.

झाकण सरकले आणि माझ्या तोंडातून जाळाचा लोळ उठला.

मिस्त्री धावत आला तेव्हा आई भिंतीपाशी बसली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत पोळले होते. भुवया गेल्या होत्या. ती रडत नव्हती. माझ्याकडे बघत एवढेच म्हणत होती, "अर्धंच उघडलं मी. अर्धंच."

आक्का आली, तिने आईला दवाखान्यात नेले. संध्याकाळी परत येऊन तिने माझ्या कोंडाळ्याला लाथ घातली. मग दुसऱ्या दिवशी मी निवल्यावर मिस्त्रीच्या मदतीने मला कोंडाळ्यातून उपसून भिंतीशी उपडे केले. माझी भट्टी लागणे बंद झाले.

वर्षभर मी तशी पडून होते. पावसाचे पाणी माझ्या पत्र्यात झिरपले. एका भटक्या मांजरीने माझ्या आडोशाला तीन पिल्ले घातली. परसात टाकाऊ लाकडाचा डोंगर साठला. मिस्त्री तो उघड्यावर जाळू लागला. ओल्या फांद्या, रंगीत फळ्या, सगळे एकत्र. काळा धूर रस्त्यावर लोळे, लोक खोकत, खिडक्या आपटत. इस्त्रीवाला दोनदा येऊन रिकामे पोते घेऊन परत गेला. शेवटी एके दिवशी मिस्त्री आक्काला म्हणाला, "एवढं लाकूड आहे. बाबांसारखा ढीग लावतो मी. वर चढून लिंपायचंच तर असतं."

आक्का जागची हलली नाही. "बूट घालून चढशील?" तिने विचारले.

"मग काय अनवाणी? माझे पाय काय बाबांचे आहेत?"

आई उन्हात बसली होती, माझ्यापाशीच. तिचे हात बरे झाले होते, पण कातडी आवळून बोटे आत वळली होती. रोज ती माझ्या थंड पत्र्याला कान लावी आणि म्हणे, "रुसलात ना? माझीच चूक. पुरतं उघडलं नाही मी." अन्न तिला जाईनासे झाले होते. दोन घास खाऊन ती ताट सारी. "ते उपाशी आहेत," म्हणे.

भावाचे बोलणे ऐकून आक्का आली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली. "मिस्त्री, तूही ऐक," ती म्हणाली. "आई, बाबा यात नाहीत. बाबा झोपेत गेले नाहीत. ते ढिगात पडले."

आई शांतपणे म्हणाली, "त्यांचं पाऊल चुकायचं नाही."

"पाऊल चुकलं नाही आई. पावलाला कळलंच नाही. बूट होते त्यांच्या पायात. मी आणले होते. शपथ घालून घालायला लावले होते."

मिस्त्री शेडच्या दारातच उभा होता, त्याच्या अंगावरचा भुसा तेवढा हलत होता. मग आईने आपला तो वाकडा हात उचलला आणि आक्काच्या पाठीत एक धपाटा घातला. जोरात. पाठोपाठ दुसरा.

"सहा वर्षं," ती म्हणाली. "सहा वर्षं मी दार उघडायला धडपडतेय, आणि तुला ठाऊक होतं!"

ती घरात गेली. तीन दिवस तिने आक्काचे तोंड पाहिले नाही. आक्का ताट ठेवी, ते तसेच परत येई. मिस्त्री भरवायचा तेवढे दोन घास खाई. तीन दिवस आक्का माझ्या शेजारी, त्याच स्टुलावर बसून राहिली. तिला वाटत होते, आता आईसुद्धा जाणार, आणि तेही आपल्याच पायी.

चौथ्या दिवशी सकाळी आई बाहेर आली. "पेटव ती," ती म्हणाली.

"आई..."

"पेटव म्हणते ना."

मांजरीला बिऱ्हाड हलवावे लागले. मिस्त्रीने मला कोंडाळ्यात बसवले, आक्काने पोट भरले. वाफ आली, गेली, वायूने पेट घेतला आणि वर्षभराने माझ्या पोटातून तो हुंकार निघाला. आई पुढे वाकली. तिने डोळे मिटून ऐकले. "अहो," ती म्हणाली. मी हुंकार दिला. ती पुन्हा काही बोलली नाही. मी मात्र नेहमीसारखी हुंकारत राहिले, कुणी न विचारताच.

"नळीचा आवाज आहे," आई म्हणाली. "मध्ये श्वास कुठे घेतो हा? त्यांना तर दोन शब्दांत धाप लागायची."

ज्योत विझली. आक्काने मातीचा गोळा घेतला आणि आईकडे न बघता नळीला लावला. आई कान झाकून घरात गेली नाही. स्टुलावरून वाकून तिने नळीच्या तोंडाकडे बोट दाखवले, जेवढे सरळ होई तेवढे.

"खाली फट राहिलीये," ती म्हणाली. "नीट लिंप. कुणी नाहीये आत."

आक्का लिंपत राहिली आणि रडत राहिली. आई उठली, स्टूल उचलले आणि जाता जाता म्हणाली, "हात धू आणि जेवायला ये. मलाही वाढ."

मिस्त्रीने ढीग कधी लावला नाही. त्यानंतर मी पुष्कळ वर्षे काम केले. वेल्डरने दोनदा माझे बूड बदलले. आई पुढे आठ वर्षे जगली. आता आक्काही थकली. परसात नव्या धर्तीच्या दोन भट्ट्या आल्या आहेत, आणि माझ्या पत्र्याला आरपार भोके पडली आहेत.

पण मित्रांनो, तुमच्यापासून काय लपवू? आईने माझ्याशी बोलणे सोडले, तेव्हापासून मला पोटात फार रिते वाटते. पाच वर्षे मला कुणीतरी 'जेवलात का' म्हणून विचारत होते. मी ते नव्हते, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तरी मी हुंकार देत राहिले. आक्का गप्प राहिली तशी मीही गप्पच राहिले की! आईचे जळलेले हात आठवले, की त्यातला निम्मा जाळ माझा आणि निम्मा त्या न बोललेल्या गोष्टीचा होता, असे मला वाटते. दुपारी वारा भोकांतून शिरतो आणि माझ्यातून पुन्हा एक आवाज निघतो. तो ऐकून माझे मलाच दचकायला होते.

म्हणून तुम्हाला सांगणे आहे. तुमच्या गल्लीत लाकूड टाकलेले दिसले, तर ते उघड्यावर जाळू देऊ नका. त्यातून पुष्कळ काही होऊ शकते. भट्टी लागली असेल, तर तिच्याजवळ कुणाला एकटे सोडू नका, आणि झाकणाला हात घालण्याआधी पंज्याची उलटी बाजू पत्र्याजवळ नेऊन बघा. पुरते निवले असेल तरच उघडा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने काही विचारले, तर त्याला बरे वाटावे म्हणून काहीबाही सांगू नका. जे घडले ते सांगा, आणि सांगून झाल्यावर त्याच्याजवळ बसा.

आणि एक माझ्यासाठी. लवकरच भंगारवाला मला न्यायला येईल. त्याला म्हणावे, झाकण लावून नेऊ नकोस, काढून वेगळे ठेव. आत कुणी नाही, हे मला चांगले ठाऊक आहे. तरीसुद्धा काढून ठेवा.